नवे टायर पुढे की मागे? कळे–साळवण रस्त्यावरच्या एका घसरणीचा प्रकरण अभ्यास

गाडी उसाच्या सरीत गेली तेव्हा तिच्या पुढच्या टायरना दोन महिनेही झाले नव्हते. "नवे टायर टाकलेत, आता पावसाळ्याची काळजी नाही" असं समजून चालवणाऱ्या, वेगाचं वेड नसलेल्या माणसाची ही गत का झाली आणि त्यानंतर टायर निवडताना आम्ही काय पाहिलं, काय नाकारलं, ते इथे सविस्तर लिहितोय. चाकांच्या अलाइनमेंटचं काम करताना पावसाळ्यात घसरलेल्या गाड्या माझ्याकडे येतच असतात. बहुतेक वेळा कारणं एकमेकांत इतकी गुंतलेली असतात की नेमकं बोट ठेवता येत नाही. या गाडीत ते ठेवता आलं.

मालक प्राथमिक शिक्षक. त्यांच्या परवानगीनं लिहितोय, नाव देत नाही. आम्ही सगळे त्यांना गुरुजी म्हणतो, तेच इथेही ठेवतो.

गाडी, रस्ता आणि ती सकाळ

गुरुजी कोल्हापूरच्या फुलेवाडीत राहतात. शाळा गगनबावडा तालुक्यात, साळवणच्या पुढे. म्हणजे रोज सकाळी बालिंगा, कळे करत पश्चिमेकडे जायचं आणि संध्याकाळी परत. हा रस्ता ज्यांनी पावसाळ्यात पाहिलाय त्यांना सांगायला नको, पण बाकीच्यांसाठी सांगतो. कोल्हापूर शहरात वर्षाला हजार मिलिमीटरच्या आसपास पाऊस पडतो. तिथून ५५ किलोमीटरच्या आसपास असलेल्या गगनबावड्यात पाच हजारांच्या पुढे. शहरात रिमझिम असताना निघालेला माणूस कळे ओलांडेपर्यंत वेगळ्याच पावसात शिरलेला असतो, आणि गाडीचा वेग मात्र शहरातल्या पावसाच्या हिशोबानं ठरलेला असतो.

त्यात या पट्ट्यात ऊस. हंगामात भरलेल्या ट्रॉल्या आणि ट्रक याच डांबरावरून जातात आणि चाकांच्या ओळीत रस्ता दाबला जातो. उन्हाळ्यात या चाकोऱ्या डोळ्यांना जाणवतही नाहीत. जूनमध्ये त्यात पाणी साचतं, आणि गाडीची चाकं बरोब्बर त्याच पाण्यातून जातात.

२०२४ च्या जूनचा शेवट होता. शाळा सुरू होऊन थोडेच दिवस झाले होते. रात्रभर पाऊस पडून सकाळी उघडीप होती, रस्ता ओला पण आभाळ मोकळं. गुरुजी एकटेच गाडीत. कळ्याच्या पुढे रस्ता हलका उजवीकडे वळतो अशा एका ठिकाणी, सत्तरच्या आसपास वेग असताना, मागचा भाग डावीकडे निघाला. त्यांनी ॲक्सिलरेटरवरचा पाय झटकन काढला आणि ब्रेक दाबला. गाडी अर्धी गिरकी घेऊन, कोल्हापूरकडे तोंड करून, बांधावरून उसात उतरली. समोरून त्या वेळी काही आलं नाही. गुरुजींना खरचटलंसुद्धा नाही. वाहन आलं असतं तर गाडी आडवी असतानाच दारावर धडकलं असतं, हे आम्ही दोघंही जाणतो आणि त्यावर फारसं बोलत नाही.

"स्टेअरिंग अगदी घट्ट होतं हो," हे त्यांचं पहिलं वाक्य. "हातात काही जाणवलंच नाही. एकदम मागनं कुणी ढकलल्यागत झालं."

हे वाक्य मी मुद्दाम जसंच्या तसं दिलंय. निम्मं निदान त्यातच आहे.

मोजल्यावर काय दिसलं

गाडी २०१८ ची पेट्रोल हॅचबॅक, इंजिनाचा जोर पुढच्या चाकांना. टायरचा आकार १८५/६५ आर १५, पुढे ८८ एच. म्हणजे रुंदी १८५ मिलिमीटर, बाजूची उंची त्या रुंदीच्या ६५ टक्के, रिम १५ इंची, एका टायरची भारक्षमता ५६० किलो आणि वेगमर्यादा ताशी २१० किलोमीटर.

पुढचे दोन्ही टायर मे महिन्यात टाकलेले, नक्षीची खोली साडेसात मिलिमीटर. मागचे दोन गाडीबरोबर आलेले मूळचे. त्यांच्या बाजूवर लंबगोलात चार आकडे होते, ३११८. म्हणजे २०१८ च्या ३१ व्या आठवड्यातलं उत्पादन. नक्षी मध्यभागी २.८ मिलिमीटर, दोन्ही कडांना २.१. रबर नखानं दाबलं तर दबत नव्हतं, आणि नक्षीच्या खाचांच्या तळाशी बारीक चिरा दिसायला लागल्या होत्या.

हवेचा दाब पुढे २८ पीएसआय, मागे २६. दाराच्या चौकटीवरच्या स्टिकरनुसार ती ३३ हवी होती. गुरुजींना कुणीतरी सांगितलं होतं की पावसात हवा थोडी कमी ठेवली की टायर पसरतो आणि पकड वाढते.

कायद्याच्या नजरेनं या गाडीच्या टायरमध्ये काहीही दोष नव्हता. केंद्रीय मोटार वाहन नियमांप्रमाणे कारच्या टायरची नक्षी १.६ मिलिमीटरच्या खाली जाता कामा नये. टायरच्या खाचांमध्ये जे छोटे उंचवटे असतात, ज्यांची जागा बाजूवर त्रिकोणानं दाखवलेली असते, ते याच मापाचे. मागचे टायर त्या रेषेच्या वर होते. तपासणीला उभी केली असती तर गाडी पास झाली असती.

मागचा भागच का निघाला

टायरच्या खाचा माती धरायला असतात असा पुष्कळांचा समज आहे. डांबरी रस्त्यावर त्यांचं मुख्य काम पाणी काढून देणं हे आहे. कोरड्या, स्वच्छ डांबरावर गुळगुळीत टायर उलट जास्त धरतो. रस्त्यावर पाणी आलं की मात्र रबर आणि डांबर यांच्यामधून ते पाणी निघून जायला वाट लागते.

हे पाणी किती असतं याचा अंदाज बांधणं सोपं आहे. टायरची जमिनीला टेकणारी पट्टी १४ सेंटिमीटर रुंद धरा, पाण्याचा थर ३ मिलिमीटर, वेग ताशी ७० किलोमीटर म्हणजे सेकंदाला साडेएकोणीस मीटर. गुणाकार केला की एका चाकापुढे सेकंदाला आठ लिटर पाणी येतं, म्हणजे दर दोन सेकंदांना एक बादली. काही पाणी बाजूला उडतं, बाकीचं खाचांतून मागे जायला हवं. साडेसात मिलिमीटरच्या खाचेतून जेवढं जाईल तेवढं अडीच मिलिमीटरच्या खाचेतून जाणं शक्यच नाही. जे उरतं ते टायरच्या खाली पाचरीसारखं शिरतं आणि टायरला उचलतं. टायर पाण्यावर चढतो. त्या क्षणी ब्रेक, एबीएस, स्टेअरिंग सगळं शाबूत असतं, पण ज्या रबरामार्फत ते रस्त्याशी बोलतात ते रबर रस्त्यावर नसतं.

आता गुरुजींच्या गाडीत पुढचं पाणी पुढचे नवे टायर व्यवस्थित काढत होते. म्हणून स्टेअरिंग घट्ट होतं. सरळ रस्त्यावर मागची चाकं पुढच्या चाकांनी मोकळ्या केलेल्या पट्ट्यातूनच जातात, त्यामुळे तिथेही निभावलं. वळणावर मागची चाकं पुढच्यांच्या वाटेवरून जात नाहीत, थोडी आतून जातात. त्या ठिकाणी ती चाकोरीतल्या न काढलेल्या पाण्यावर आली. शिवाय अशा गाडीचं वजन पुढे जास्त असतं, साठ टक्क्यांच्या आसपास, आणि एकटा माणूस बसलेला असला की मागची चाकं आणखी हलकी. हलकं चाक पाण्यावर लवकर चढतं. मग गुरुजींनी पाय काढून ब्रेक दाबला, म्हणजे उरलंसुरलं वजनही पुढे ढकललं गेलं. मागच्या टायरकडे धरायला काही राहिलंच नाही.

पुढची चाकं आधी घसरतात तेव्हा स्टेअरिंग हलकं पडतं, गाडी वळायला कुरकुरते, आणि माणूस आपोआप पाय सैल करतो. पाय सैल केला की वजन पुढे येतं आणि पुढची पकड परतते. मागची चाकं आधी घसरतात तेव्हा हाताला काहीही कळत नाही, आणि माणूस भीतीनं जे करतो त्यानं घसरण वाढते. म्हणून दोनच नवे टायर घ्यायचे असतील तर ते मागे टाकावेत, आणि मागचे, जर अजून वापरण्याजोगे असतील तर, पुढे आणावेत. गाडीचा जोर पुढच्या चाकांना असो वा मागच्या, हे दोन्हीकडे लागू आहे. जगातल्या मोठ्या टायर कंपन्याही हेच सांगतात.

आपल्याकडे मात्र सर्रास उलटं होतं. "जोर पुढच्या चाकाला, ब्रेक पुढं जास्त, स्टेअरिंग पुढं, मग नवा टायर पुढंच" असा युक्तिवाद असतो, आणि ऐकायला तो पटतोही. गुरुजींनी जिथून टायर घेतले तिथेही हेच सांगितलं गेलं. वाईट हेतूनं नव्हे. पुढचे टायर लवकर झिजतात हे तिथला माणूस रोज बघतो. पण झिजेचा हिशोब पैशाचा आहे आणि पाण्याचा हिशोब जिवाचा. दोन्ही एकाच वाक्यात मिसळले की असं होतं.

हवेबद्दल

हवा कमी केली की पकड वाढते ही समजूत चिखलात आणि वाळूत खरी आहे. शेताच्या वाटेवर रुतलेली गाडी काढायला हवा कमी करतात ते बरोबरच. ओल्या डांबरावर मात्र ती नेमकी उलटी पडते.

१९६० च्या दशकात नासानं विमानांच्या टायरवर प्रयोग करून एक साधं सूत्र मांडलं: टायर पूर्णपणे पाण्यावर चढण्याचा वेग त्यातल्या हवेच्या दाबाच्या वर्गमुळाबरोबर वाढतो. आपल्या मापात ते सूत्र असं बसतं: पीएसआयमधल्या आकड्याचं वर्गमूळ घ्या आणि साधारण १६.६ नं गुणा. ३३ ला ताशी ९५ किलोमीटर येतात, २६ ला ८५. विमानाच्या टायरचं हे सूत्र कारला तंतोतंत लागू होत नाही. झिजलेला, हलक्या भाराचा कारचा टायर त्याच्या बऱ्याच आधी तरंगायला लागतो, शिवाय पूर्ण तरंगण्याच्या आधीच पकड अर्धीमुर्धी गेलेली असते. पण दिशा तीच राहते. हवा कमी केल्यानं गुरुजींनी स्वतःच्या हातातला ताशी दहा किलोमीटरचा आधार काढून टाकला होता.

आणखी एक गोष्ट फारशी कुणी लक्षात घेत नाही. मेच्या दुपारी ३८ अंशांत ३३ भरलेली हवा जुलैच्या सकाळी २२ अंशांत मोजली तर, टायरमधून एक थेंबभर हवा न जाताही, अडीच पीएसआयच्या आसपास कमी भरते. म्हणून पहिला मोठा पाऊस झाला की हवा पुन्हा मोजायची, आणि सकाळी गाडी थंड असताना मोजायची. चाळीस किलोमीटर चालवून पंपावर गेलात तर टायर तापल्यानं आकडा खोटा समाधानाचा येतो.

काय घ्यायचं: नाकारलेले पर्याय

गुरुजींच्या घरी या विषयावर तीन मतं होती आणि तिन्ही प्रेमापोटी होती, म्हणून प्रत्येकाचा विचार केला.

त्यांचा पुतण्या जर्मनीत असतो. त्याचं म्हणणं, "काका, विंटर टायर टाका. इकडं सक्तीच आहे." त्याचं म्हणणं तिथल्यापुरतं शंभर टक्के बरोबर आहे. जर्मनीत २०१० पासून बर्फ, गोठलेला चिखल किंवा निसरडा हिमथर असताना विंटर टायरशिवाय गाडी चालवणं हा गुन्हा आहे, आणि आता त्या टायरवर तीन शिखरांच्या डोंगरात हिमकणाची खूण असावी लागते. या टायरचं रबर थंडीत मऊ राहील असं बनवलेलं असतं. साधारण सात अंशांच्या खाली नेहमीचं रबर कडक होऊ लागतं, तिथून विंटर टायरचा उपयोग सुरू होतो. नक्षीच्या ठोकळ्यांवर असंख्य बारीक चिरा असतात, त्या बर्फाला पकडतात.

कोल्हापुरात हिवाळ्याच्या पहाटेही सात अंश क्वचितच. आणि गुरुजींची गाडी धावायची ती जुलैत, वीस-बावीस अंशांत, दुपारी उघडलं तर तीसच्या जवळ. तिथे ते मऊ रबर लगद्यासारखं वागतं: ठोकळे हलतात, ब्रेकचं अंतर वाढतं, टायर भराभर झिजतो. ओल्या पण गरम रस्त्यावर विंटर टायर चांगल्या उन्हाळी टायरपेक्षा मागेच पडतो. पुतण्याला फोनवर एवढंच विचारलं की तो स्वतः हे टायर जूनमध्ये ठेवतो का. तो म्हणाला, "नाही, ईस्टरला काढतो." विषय तिथे संपला. ज्याला हिवाळ्यात स्वतःच्या गाडीनं मनालीच्या वर किंवा काश्मीरला जायचंय त्यानं या खुणेचा टायर जरूर शोधावा. गगनबावड्यासाठी नाही.

दुसरं मत मेहुण्यांचं. शेती पन्हाळ्याच्या बाजूला, जीप चालवतात. "मोठ्या नक्षीचे टायर टाका, चिखलात थांबत नाही गाडी." मोठ्या ठोकळ्यांचा टायर शेताच्या वाटेवर उत्तमच. पण ठोकळ्यांमधली जागा मोठी म्हणजे डांबराला टेकणारं रबर कमी. ओल्या डांबरावर ब्रेक मारताना तेच रबर कामाला येतं. गुरुजींच्या रोजच्या वाटेवर कच्चा भाग शाळेजवळचा, थोडासाच. तेवढ्यासाठी सगळा रस्ता कमी पकडीवर कापणं मला पटलं नाही, आणि हलक्या हॅचबॅकला तो टायर जडही पडतो.

तिसरं मत दुकानातलं: "रुंद टाका, १९५ किंवा २०५. रोडवर बसल्यागत वाटतंय." कोरड्यात वाटतं खरं. पाण्यात रुंद टायर म्हणजे पुढे ढकलायचं पाणी जास्त आणि दर चौरस सेंटिमीटरवर दाब कमी. त्याच वजनाच्या गाडीला अरुंद टायर पाण्यात लवकर खाली पोचतो. १९५/६५ घेतला तर टायरचा व्यास दोन टक्के वाढतो, म्हणजे स्पीडोमीटर खऱ्या वेगापेक्षा कमी दाखवू लागतो. कंपनीनं दिलेला आकार आम्ही सोडला नाही. पावसाळी भागात राहणाऱ्याला माझा सल्ला कायम हाच असतो, दिसायला टायर कितीही बारीक वाटो.

काय घेतलं आणि का

मे महिन्यात घेतलेले दोन टायर इंधन वाचवणाऱ्या प्रकारचे होते. टायरवर हल्ली ऊर्जाबचतीचे तारे दिसतात. ते टायर किती सहज गडगडतो याचे असतात. ओल्यात तो किती धरतो याबद्दल त्या ताऱ्यांवरून काही समजत नाही. सहज गडगडणं आणि ओल्यात धरणं या दोन गोष्टी रबरात एकमेकींच्या विरुद्ध ओढतात. सिलिका मिसळून कंपन्या हा तिढा बराच सोडवतात, पण स्वस्त टायरमध्ये कुठेतरी हात आखडलेला असतो.

ओल्यातली पकड थोडीशी कमी झाली तर काय होतं ते गुरुजींना वहीवर मांडून दाखवलं. ताशी ६० किलोमीटर वेग, ओल्या रस्त्यावर घर्षणांक, म्हणजे रबराच्या पकडीचं माप, ०.७ धरला तर ब्रेक दाबल्यापासून गाडी २० मीटरवर थांबते. तोच ०.६ झाला तर साडेतेवीसवर. साडेतीन मीटर म्हणजे जवळजवळ त्यांच्या गाडीची लांबी. ०.४ झाला, जे झिजलेल्या टायरला चाकोरीच्या पाण्यात सहज शक्य आहे, तर पस्तीसच्या पुढे. गणिताचे शिक्षक असल्यानं त्यांनी लगेच ताशी ५० चा आकडा काढला: ०.४ लाही २५ मीटरच. "म्हणजे टायरपेक्षा वेगावर पैसे कमी लागत्यात," असं वहिनी, म्हणजे गुरुजींच्या पत्नी, म्हणाल्या आणि ते खरंच होतं.

टायरवरून ओल्यातली पकड कशी ओळखायची हा पुढचा प्रश्न. युरोपात प्रत्येक टायरवर ओल्यातल्या पकडीची श्रेणी छापलेलं लेबल लागतं, २०२१ पासून ए ते ई अशा पाच पायऱ्यांचं. भारतात केंद्र सरकारनं २०२२ मध्ये एआयएस १४२ हे मानक लागू करून गडगडण्याचा अवरोध, ओल्यातली पकड आणि आवाज यांच्या किमान मर्यादा घालून दिल्या. किमान मर्यादा म्हणजे नापास टायर बाजारात येऊ नये याची सोय. पास झालेल्यांत कोण पहिला हे त्यातून कळत नाही. पण इथे बनलेले पुष्कळ टायर परदेशीही जातात, आणि तोच टायर, त्याच आकारात, युरोपच्या लेबलवर कोणत्या श्रेणीत आहे हे दुकानदाराकडून किंवा कंपनीकडून विचारून घेता येतं. बाजूवर वर्तुळातलं इंग्रजी ई, आकडा, आणि त्यापुढे एस, डब्ल्यू, आर ही अक्षरं दिसली तर त्यातलं डब्ल्यू ओल्या पकडीच्या चाचणीचं. नक्षीत मला हवं असतं ते असं: टायरच्या घेरातून अखंड जाणाऱ्या किमान तीन, शक्यतो चार रुंद सरळ खाचा, आणि त्यांना कडेपर्यंत जोडणाऱ्या आडव्या वाटा. कडेला वाट बंद असलेली नक्षी दिसायला आक्रमक असली तरी पाणी कुठे जाणार?

पैशांचा प्रश्न होताच. या आकाराचा चांगला टायर तेव्हा, २०२४ मध्ये, पाच ते सात हजारांच्या घरात होता. मेमध्येच दोन घेऊन झालेले. चारही बदला असं सांगणं मला योग्य वाटलं नाही. ठरलं ते असं: ओल्यातली पकड चांगली असलेली एकच जोडी घ्यायची, ती मागे. मेमधली जोडी पुढेच राहू दे. तिची नक्षी साडेसात मिलिमीटर आहे, पाणी ती काढतेच.

यावर वहिनींनी नेमका प्रश्न विचारला, "मग पुढं मुद्दाम कमी पकड ठेवायची?" एका अर्थी हो. दोन्ही जोड्या चांगल्याच आहेत, पण ज्या दिवशी हद्द ओलांडली जाईल त्या दिवशी आधी पुढचं घसरू दे. त्याची चाहूल स्टेअरिंगवर लागते. एकाच ॲक्सलवर मात्र दोन वेगळे टायर कधीही नकोत. जोडी म्हणजे तोच नमुना, तोच आकार, शक्यतो जवळच्याच आठवड्यातलं उत्पादन.

नव्या जोडीचा उत्पादन आठवडा बघूनच बसवून घेतली, बॅलन्सिंग केलं. उसात उतरताना डावं पुढचं चाक बांधावर आपटलं होतं, त्यामुळे टो, म्हणजे चाकांची तोंडं आत-बाहेर वळलेली असण्याचा कोन, बिघडला होता, तो जुळवला. मागचा ॲक्सल सरळ निघाला. हवा सगळीकडे ३३.

त्यानंतरचा पाऊस, आणि टायर जिथे हात टेकतो

जुलै–ऑगस्टमध्ये गुरुजी त्याच रस्त्यानं गेले. त्यांनी दोन सवयी बदलल्या आणि मला वाटतं टायरइतकंच काम त्यांनी केलं. चाकोरीत पाणी चमकताना दिसलं की गाडी अर्धा फूट बाजूला घेऊन उंचवट्यावरून चालवायची. आणि कळ्याच्या पुढे पन्नास-पंचावन्न. चाकोरीत एक सेंटिमीटर पाणी असेल तर जगातला कुठलाही आठ मिलिमीटरचा टायर त्यापुढे कमी पडतो, हे त्यांना खाच मोजताना स्वतःच दिसलं.

पुराच्या पाण्याबद्दल वेगळं सांगावं लागतं, कारण चांगले टायर टाकले की काहींना तिथेही धीर येतो. राजाराम बंधाऱ्यावर पंचगंगा ३९ फुटांची इशारा पातळी ओलांडते तेव्हा या रस्त्यालगतच्या सखल भागांतही पाणी चढायला लागलेलं असतं. २०१९ आणि २०२१ मध्ये ती ५५ फुटांच्याही पुढे गेली होती. हॅचबॅकचं वजन एक टन धरा. एक घनमीटर पाणी म्हणजे एक टन. गाडीच्या पोटाला पाणी टेकल्यावर आणखी वीतभर चढलं की तेवढं पाणी बाजूला सारलेलं असतं आणि गाडी तरंगायला लागते. तिथे टायरची निवड हा प्रश्नच उरत नाही. बॅरिकेड दिसलं की मागे फिरायचं.

गणपतीला, सप्टेंबरमध्ये, सगळं कुटुंब वैभववाडीकडे वहिनींच्या माहेरी गेलं. करूळ घाट रुंदीकरणासाठी बंद होता, म्हणून भुईबावडा घाटानं. पाच माणसं आणि डिकी भरलेली. अशा वेळी स्टिकरवरचा भरलेल्या गाडीचा आकडा पाळायचा, तो बहुतेक गाड्यांत मागच्या चाकांसाठी जास्त असतो. या गाडीत ३६. उतारावर दुसऱ्या गिअरमध्ये. त्यांचा अनुभव असा की ओल्या वळणांवर गाडी "मागनं ओढत नाही, पुढनं थोडी कुरकुरते". आम्हाला हवं होतं ते हेच.

नोव्हेंबरात पाऊस गेला आणि या रस्त्याचा हिवाळा सुरू झाला. इथला हिवाळा बर्फाचा नाही, पण टायरच्या दृष्टीनं निर्धोकही नाही. कारखाने सुरू होतात, ओल्या रानातून निघालेल्या ट्रॉल्या चाकांना चिकटलेली काळी माती डांबरावर सोडत जातात, पहाटे त्यावर दव पडतं आणि त्याचा पातळ साबणासारखा थर होतो. त्याच वेळी धुकं, आणि त्यात मागे दिवा नसलेली ट्रॉली. या थरावर खोल नक्षीपेक्षा ठोकळ्यांवरच्या बारीक चिरा आणि मऊ रबर जास्त उपयोगी पडतं. म्हणून सहा वर्षांचा कडक टायर हिवाळ्यातही धोक्याचाच. वळवाचा पहिला पाऊसही असाच असतो, महिनोन् महिन्यांचं तेल आणि धूळ वर आणणारा. तासभर जोरात पडून गेला की रस्ता धुऊन निघतो. पहिली वीस मिनिटं मात्र फार वाईट.

दिवाळीनंतर पुन्हा मोजमाप केलं. मागे ७.३ मिलिमीटर, पुढे ६.६. पुढची जोडी जोर आणि ब्रेक दोन्ही सोसते, त्यामुळे ती आधी तीनला येणार. तीन मिलिमीटर ही आम्ही ठरवलेली सीमा, कायद्याच्या १.६ पर्यंत थांबायचं नाही. ज्या मेमध्ये ती चारच्या खाली दिसेल त्याच मेमध्ये बदलायची, म्हणजे ऐन पावसात तीनची वेळ येणार नाही. तेव्हा नवी जोडी मागे जाईल आणि आत्ताची मागची पुढे येईल.

एक काम राहिलंय. डिकीतली स्टेपनी २०१८ चीच आहे, एकदाही रस्त्यावर न उतरलेली, नक्षी कोरी. गुरुजींना ती बदलणं जिवावर येतंय आणि मला ते समजतं. तूर्तास तिच्यावर खडूनं '६०' लिहून ठेवलंय. पंक्चर झालं तर तेवढ्याच वेगानं जवळच्या पंक्चरवाल्यापर्यंत, आणि मागचं चाक पंक्चर असेल तर पुढचं चांगलं चाक मागे लावून स्टेपनी पुढे.